नोंद नसलेले वाचक

ग्रंथपाल बाईंना राग यायला फारसं काही लागत नसे. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की कपाळावर आठी, आणि कुणी उघडं पुस्तक पालथं घालून ठेवलं तर त्या मुलाची पुढचे आठ दिवस खैर नाही. पण हे किरकोळ राग. मधल्या सुट्टीतल्या चहाबरोबर ते उतरत. त्या मंगळवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत जो राग आला, तो मात्र तळपायातून निघाला, मस्तकात गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला.

विषय होता पुस्तकांचा. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा आता पंपांचा कारखाना होता, आणि तिने नववी-दहावीच्या मुलांना तंत्रज्ञानावरच्या विज्ञान कादंबऱ्या घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. सहा कादंबऱ्या, प्रत्येकीच्या चाळीस प्रती. म्हणजे अख्ख्या वर्गाने एका वेळी एकच पुस्तक वाचावं आणि त्यावरून भांडावं. ‘भांडावं’ हा शब्द त्या पंपवाल्या बाईंच्या पत्रातलाच होता. ग्रंथपाल बाईंना तो इतका आवडला की न पाहिलेल्या त्या बाईवर त्यांचा एकदम जीव जडला. अट एकच होती, यादीवर तिघांची सही हवी: मुख्याध्यापक, संगणकाचे सर आणि ग्रंथपाल.

बाईंनी सुट्टीत एकोणीस कादंबऱ्या वाचल्या होत्या. वाचल्या म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. त्यातल्या पाच अशा की पन्नासाव्या पानापर्यंत शास्त्रज्ञ नुसता खिडकीबाहेर बघून उसासे टाकतो. चारांत यंत्र दुष्ट, माणूस भला आणि शेवटी सगळे झाडाखाली बसून हात हातात घेतात. असली पुस्तकं पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात दिली की ते पुस्तक बंद करतं आणि त्याच यंत्राशी खेळायला जातं, हे बाईंना सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर कुणी शिकवायची गरज नव्हती. उरलेल्या दहांतून त्यांनी सहा काढल्या. एकीत शहरातली सगळी लिफ्टं एका सकाळी ठरवतात की कुणाला कुठल्या मजल्यावर न्यायचं ते आपणच बघू. एकीत एक मुलगी भाषांतराच्या यंत्राला गप्प बसायला शिकवते, कारण तिच्या आईवडिलांची भांडणं ते दोन भाषांत बोलून दाखवत असतं. एकीत म्हाताऱ्या आजोबांना सांभाळणारं यंत्र मोडीत काढायचं असतं आणि त्या कागदावर नातवाला सही करायची असते. मुलं भांडतील, अशाच सगळ्या.

यादी टेबलावर ठेवून बाई खुर्चीत टेकल्या न टेकल्या तोच संगणकाच्या सरांनी आपला लॅपटॉप मुख्याध्यापकांकडे वळवला. पडद्यावर रंगीत खांब होते. अभ्यासाची पुस्तकं हा उंच निळा खांब, चरित्रं हा मध्यम हिरवा, आणि अगदी कडेला, जिथे लाल खांब असायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं.

“ही विज्ञान कादंबऱ्यांची मागणी,” सर म्हणाले. “गेल्या दीड वर्षात नववी-दहावीच्या एकाही मुलाने एकही घेतलेली नाही. शून्य.”

मग त्यांनी स्वतःची यादी काढली. यशस्वी उद्योजकांची चरित्रं, प्रोग्रॅमिंगची ओळख, स्पर्धा परीक्षांमधलं तर्कशास्त्र. पंपवाल्या बाईंना नीट समजावून सांगितलं की त्या दोन सह्यांवरही काही नाही म्हणायच्या नाहीत, असंही वर सांगून झालं. मुख्याध्यापक हा भला माणूस, पण दोन माणसांत वाद झाला की त्यांना चष्मा पुसायची आठवण होई. ते चष्मा पुसू लागले. म्हणाले, आकडे तर आकडे आहेत बाई, आपण गुरुवारी पुन्हा बसू.

बाईंना त्या आकड्याला खोटं म्हणता येईना, कारण ते शून्य त्यांनी स्वतःच घडवलं होतं.

झालं होतं असं. पावणेदोन वर्षांपूर्वी याच सरांनी मोठ्या हौसेने वाचनालयात नवी यंत्रणा बसवली. मुलाने पुस्तक घेतलं की त्याच मिनिटाला पालकांच्या फोनवर निरोप: आपल्या पाल्याने अमुक पुस्तक नेले आहे. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. मुलं तेवढी नाखूश, पण त्यांना विचारतंय कोण. पहिल्या आठवड्यातच एका मुलीला घरी बोलणी बसली, परीक्षा तोंडावर आली आणि हिला यंत्रमानवांच्या गोष्टी सुचतायत म्हणून. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या आईने शाळेत फोन करून त्याचं कार्डच बंद करायला लावलं. महिना संपता संपता कादंबऱ्यांच्या कपाटासमोर चिटपाखरू फिरकेना. मुलं यायची, कपाटासमोर उभ्याउभ्या चार पानं वाचायची आणि पुस्तक जागेवर ठेवून जायची. ते उभं राहणं बाईंना बघवेना.

म्हणून त्यांनी नोंद न करता पुस्तकं द्यायला सुरुवात केली. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला यायचं, पुस्तक दप्तरात टाकायचं, पुढच्या शुक्रवारी परत आणायचं. परत आणताना तीन गोष्टी सांगायच्या: कंटाळा कुठल्या पानावर आला, राग कुणाचा आला, आणि आता हे पुस्तक कुणाला देऊ. नियम नियम म्हणून आयुष्य काढलेल्या बाईंनी नियमाला अशी बगल दिली आणि त्यांना जराही वाईट वाटलं नाही. हिशेब राहावा म्हणून एक पाठकोरी वही मात्र घातली. तिच्यात खरी नावं नव्हती, मुलांनी एकमेकांना ठेवलेली नावं होती. लंबू, फुगा, दोन वेण्या, रेडिओ, खारुताई. दीड वर्षात एकेचाळीस मुलं आणि तीनशेच्या वर पुस्तकं. बाईंची सहा कादंबऱ्यांची यादी खरं तर या एकेचाळीस जणांनी केलेली होती. बाईंनी सुट्टीत फक्त पडताळा घेतला होता.

आणि त्या एकेचाळीसांत सगळ्यांत पुढे खारुताई. अकरा पुस्तकं. बारीक, चटपटीत, सदा काहीतरी कुरतडत असल्यासारखी. पुस्तकसुद्धा ती वाचायची नाही, फस्त करायची. भूमितीच्या पुस्तकाच्या कव्हरात कादंबरी घालून नेण्याची युक्ती तिचीच, आणि ती तिने उदार मनाने वर्गभर वाटली होती. पहिल्या शुक्रवारी तिने बाईंना हळूच विचारलं होतं, हे बाबांना कळणार नाही ना? बाईंनी शब्द दिला होता, इथली गोष्ट या दारातून बाहेर जाणार नाही. खारुताईचे बाबा म्हणजे संगणकाचे सर. दहावी होईपर्यंत गोष्टीबिष्टी बंद, असा त्यांच्या घरचा कायदा होता.

मंगळवारी संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी भांडी अशी आपटली की आतल्या खोलीतून नवरा उठून आला. ते रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. दिवसभर शांतपणे काचेच्या नळ्या हाताळत आणि घरी बायकोही तशीच हाताळत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, नुसता आकडा सांग की. एकेचाळीस मुलं वाचतात म्हणावं, नावं कशाला हवीत?

“आणि त्यांनी पुरावा मागितला तर?”

“वही दाखव.”

“वहीत फुगा आणि लंबू आहे.”

नवऱ्याने जरा विचार केला आणि खरं बोलायची चूक केली. “आमच्याकडे नळीवर नाव नसेल ना, तर तो नमुना टाकूनच देतात.”

“म्हणजे माझी दीड वर्षांची वही टाकून द्यायची?”

“मी असं म्हटलं का?”

“म्हटलंत.”

ते आतल्या खोलीत परत गेले, आणि बाई स्वतःशी धुमसत राहिल्या. राग सरांचा होता, चष्मा पुसणाऱ्या मुख्याध्यापकांचा होता, पोरांच्या पुस्तकांवर पाळत ठेवून वर कौतुक करून घेणाऱ्या आईबापांचा होता. खोलात गेलं तर स्वतःचाही होता, कारण मुलांना लपवता लपवता त्यांनी पुस्तकांचं मरण ओढवून आणलं होतं. पण खोलात जायची ती वेळ नव्हती. गुरुवारी काय बोलायचं ते त्यांनी सात वेळा घोकलं. मुलांची नावं घ्यायची नाहीत, हे प्रत्येक वेळी घोकलं.

गुरुवारी त्या वही घेऊन गेल्या. सुरुवात छान झाली. त्यांनी शांतपणे सांगितलं की मुलं वाचतात, पण घरी निरोप जातो म्हणून नोंद करत नाहीत, आणि ही सवलत आपण स्वतःच्या जबाबदारीवर दिली. मुख्याध्यापकांचा चष्मा लगेच नाकावरून उतरला. नोंदीशिवाय पुस्तक देणं नियमाविरुद्ध आहे, हे त्यांनी पुटपुटून घेतलं, पण डोळ्यांत उत्सुकता होती. किती मुलं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, एकेचाळीस. सरांनी हात पुढे केला, वही घेतली आणि पानं उलटू लागले.

आधी ते नुसते हसले. मग मोठ्याने वाचू लागले. लंबू, लिफ्टांची कादंबरी, कंटाळा नाही. फुगा, कंटाळा पान बावीस. रेडिओ, राग नातवाचा. प्रत्येक नावाला त्यांचा आवाज आणखी मजेत येत होता. मुख्याध्यापकही ओशाळवाणं हसले, आणि ते हसणं बाईंना सरांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

“ही वाचकांची यादी की बालवाडीची हजेरी?” सर म्हणाले. “बाई, राग मानू नका. पण ही वही कुणीही घरी बसून एका रात्रीत लिहू शकेल.”

बाई म्हणाल्या, मी खोटं लिहीत नाही. सर म्हणाले, खोटं म्हणालो नाही मी, पण खरंय हे कशावरून? एक मूल दाखवा. एक. समोर आणून उभं करा, मी आत्ता सही करतो. बाई म्हणाल्या, नावं सांगणार नाही. सरांनी वही मिटली आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली. फार हळू सरकवली, जशी लहान मुलाला त्याची खेळण्यातली गाडी परत द्यावी. आणि मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले की या खारुताईच्या आणि फुग्याच्या भरवशावर देणगीदाराची पुस्तकं मागवायची का, ते तुम्ही ठरवा. मुख्याध्यापकांनी पेन उचललं आणि ते सरांच्या यादीवर टेकवलं.

सात वेळा घोकलेलं सगळं त्या एका पेनापुढे वाहून गेलं.

“खारुताई तुमची मुलगी आहे,” बाई म्हणाल्या.

बाईंना वाटलं होतं की हे बोलताना गोड वाटेल, आणि खरंच, तेवढा एक क्षण गोड वाटलं. सत्तावीस वर्षांचे सगळे शेरे, वाचनालयाचा तास काढून गणिताला दिलेले सगळे दिवस, गोष्टीच तर वाचायच्या त्याला ग्रंथपाल कशाला हवी असं म्हणणारी सगळी तोंडं एका वाक्यात बंद झाली होती. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला वेळ लागला.

“किती?” त्यांनी विचारलं.

“अकरा पुस्तकं.”

“पुस्तकं नाही. किती दिवस?”

“दीड वर्ष.”

सरांनी मान हलवली. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत, आणि बाईंनी त्या ओरडण्यासाठी तयार ठेवलेली सगळी उत्तरं तशीच तोंडात राहिली. त्यांनी बाईंची यादी पुढे ओढली, सहाही नावं वाचली आणि खाली सही केली. बोललेला शब्द त्यांनी पाळला. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, बघा, शेवटी सगळं कसं समजुतीने झालं, आणि लगोलग चहा सांगितला. सर चहाला थांबले नाहीत. बाई थांबल्या, पण कप तोंडाला न लावताच उठल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शेवटच्या तासाला बाई कपाट उघडं टाकून बसल्या. कुणी आलं नाही. त्यांना वाटलं, चाचणी असेल. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फुगा दारापर्यंत आला, आत बाई दिसल्या तसा वळला आणि जिन्याने खाली गेला. बाईंना पहिल्यांदा पोरांचाच राग आला. ज्यांच्यासाठी आपण नोकरी पणाला लावली, ती ही अशी पाठ फिरवतात. त्यांनी एका मुलीला व्हरांड्यात अडवून विचारलं. मुलगी चपलांकडे बघत म्हणाली की बाई, वर्गात सगळे म्हणतात, वही सरांकडे होती. आणखी काही विचारायची बाईंना हिंमत झाली नाही. खारुताई आता मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीत बसते, बाबांच्या टेबलासमोर, हे मात्र त्यांना न विचारताच दिसत होतं. वाचनालयाच्या खिडकीतून तिची पाठ दिसायची.

तीन आठवड्यांनी पुस्तकं आली. दोनशे चाळीस नव्या कोऱ्या प्रती. बाईंनी आयुष्यात एवढी नवी पुस्तकं एकदम पाहिली नव्हती. मुख्याध्यापकांनी येऊन फोटो काढून घेतला आणि पंपवाल्या बाईंना पाठवला. त्यांचं उत्तरही आलं, मुलं भांडली की मला कळवा म्हणून. मुख्याध्यापकांनी पुढे पाठवलेलं ते उत्तर बाईंनी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. दुपारभर त्या एकट्याच प्रतींवर शिक्के मारत बसल्या, आणि शिक्के जरा जास्तच जोरात बसत होते.

तेवढ्यात खारुताई आत आली. हातात भूमितीचं पुस्तक होतं. तिने कव्हर काढलं, आतली कादंबरी टेबलावर ठेवली. भाषांतराच्या यंत्राला गप्प करणारी तीच ती, वाचनालयाची जुनी, मऊ झालेली प्रत.

“ही राहिली होती माझ्याकडे.”

बाई म्हणाल्या, झाली का वाचून? ती म्हणाली, नाही. बाईंनी नव्या गठ्ठ्यातली त्याच कादंबरीची प्रत घाईघाईने उचलून तिच्यापुढे धरली. आता लपवायची गरजच नाही, वर्गातच वाचायची आहेत तुम्ही सगळ्यांनी, बाबांनी स्वतः सही केलीय, असं बरंच काही त्या एका दमात बोलून गेल्या. खारुताईने प्रत हातात घेतली नाही. तिने ती बघितलीसुद्धा नाही. ती बाईंकडे बघत होती, आणि त्या बघण्यात असा राग होता की बाईंना तो ओळखू आला. तो त्यांचाच राग होता, फक्त पंधरा वर्षांचा आणि अगदी स्वच्छ.

“पुस्तकं नसती आली तर काय झालं असतं बाई?” ती म्हणाली. “पुस्तकं आली नसती, एवढंच ना.”

बाईंकडे उत्तरं पुष्कळ होती. चाळीस मुलांचं उत्तर होतं, कपाटाचं होतं, सर वही सरकवताना कसे हसले त्याचं होतं. त्यातलं एकही त्या मुलीला सांगण्याच्या लायकीचं नव्हतं.

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. शाळेत हे शब्द त्यांनी आजवर कुणापुढे उच्चारले नव्हते.

“हो,” खारुताई म्हणाली.

ती जायला वळली, दारापाशी थांबली. बाबा बोलत नाहीत, ओरडतही नाहीत, तिने सांगितलं. रोज संध्याकाळी फक्त एक कोरा कागद समोर ठेवतात आणि विचारतात, बाकीचे चाळीस जण कोण? लंबू कोण, फुगा कोण, रेडिओ कोण, लिही. नावं लिहिलीस की विषय संपला, म्हणतात. तीन आठवडे रोज.

बाईंनी शिक्का खाली ठेवला. “मग?”

“मग काय,” ती म्हणाली. “मी नाही सांगितलं.”

पुढच्या तासाची घंटा झाली आणि ती भूमितीचं पुस्तक घेऊन वर्गात गेली.